रझाकारीत तुम्ही कुठं होता?

मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला वय विचारले की आकडा मिळत नाही, खूण मिळते. रझाकारीत मी गुरांमागे जात होतो. रझाकारीत थोरला अंगावर पीत होता. पोलीस अ‍ॅक्शनच्या दुसऱ्या वर्षी माझे लग्न झाले. इथे ‘रझाकारी’ हे एका संघटनेच्या कृत्यांचे नाव राहिलेले नाही, ते काळाचे नाव झाले आहे, जसा प्लेग किंवा बहात्तरचा दुष्काळ. या शब्दाला जोडून बोलण्यात एक क्रियापद हमखास येते, ते म्हणजे ‘उठणे’. गाव उठले, आळी उठली, आम्ही रातोरात उठलो. कोणी उठवले, कुठे गेलात, किती दिवस राहिलात, परत आलात तेव्हा घर कोणाच्या ताब्यात होते, हे प्रश्न मात्र फारसे कोणी विचारलेले नाहीत. १९४८ साली जो आठ-दहा वर्षांचा होता तो आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. हे प्रश्न आता कोणत्याही दिवशी निरुपयोगी होतील, म्हणून या लेखाचा खटाटोप.

उठलेल्या माणसांची वाट समजून घ्यायची तर पूर्णा स्टेशनवर उभे राहून नकाशा पाहावा. मनमाडहून परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारी निझाम सरकारची मीटरगेज पूर्णेवरून जात होती आणि इथूनच एक फाटा वसमतमार्गे हिंगोलीला जात होता. तो तेव्हा हिंगोलीलाच संपत असे; अकोल्याकडचा जोड पुढे कितीतरी वर्षांनी झाला. हिंगोली त्या काळी परभणी जिल्ह्यातच होती. हिंगोलीपलीकडे पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे भारत सरकारचा मुलूख. एका नदीने दोन राज्ये वेगळी केलेली होती. गोदावरीकाठच्या, पूर्णाकाठच्या खेड्यातला माणूस गाडीने, बैलगाडीने किंवा पायी पैनगंगा गाठू शकला की रझाकारांच्या हातून सुटला. उमरखेड, पुसद, वाशीम ही गावे या भागातल्या कितीतरी घरांच्या आठवणीत बाजारपेठा म्हणून नाहीत, आसरा म्हणून आहेत.

पण पैनगंगा दोन्ही बाजूंनी ओलांडली गेली, हे आपण सांगत नाही. १९४७-४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातून आणि इतर प्रांतांतून मुसलमान कुटुंबेही मोठ्या संख्येने हैदराबाद संस्थानात येत होती. फाळणीच्या बातम्यांनी ती हादरली होती, आणि निझामाचे राज्य त्यांना सुरक्षित वाटत होते. पोलीस कारवाईनंतर नव्या प्रशासनाने अशा निर्वासितांना त्यांच्या मूळ प्रांतांत परत पाठवण्याचे धोरण ठेवले. म्हणजे एकाच वर्षात एकाच नदीच्या एकाच उतारावरून दोन समाज विरुद्ध दिशांनी गेले, आणि दोघांच्याही डोक्यावर बोचकीच होती. त्या उताराच्या गावात आज बसून दोन्ही आठवणी एकाच वहीत नोंदवता आल्या तर ती वही मराठवाड्याच्या कोणत्याही गॅझेटियरइतकी मोलाची ठरेल.

झाले ते थोडक्यात असे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निझाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. लातूरचा वकील कासिम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा नेता होता आणि रझाकार ही त्या पक्षाची सेना. १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ आणि खून यांनी कळस गाठला होता. मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी मोठे हत्याकांड झाले. स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर कॅम्प उभारून प्रतिकार चालवला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती जाहीर केली. पाठ्यपुस्तक इथे थांबते, झेंडावंदनही इथेच थांबते. गावांमध्ये मात्र त्यानंतरचे काही आठवडे वेगळे गेले. आदल्या वर्षभराचा सूड सामान्य मुसलमान वस्त्यांवर उगवला गेला. ज्यांनी कधी हातात काठी घेतली नव्हती अशी घरे त्यात सापडली.

या सगळ्याची नोंद झालीच नाही असे नाही. नोंद तीन वेळा झाली, आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्याने आपल्या गरजेचा प्रश्न विचारला. माझे म्हणणे एवढेच आहे की प्रश्न ज्या साच्याचा असतो, त्याच साच्यात आठवण भरून येते, आणि विस्थापिताचा स्वतःचा प्रश्न त्यातल्या एकाही साच्यात नव्हता.

पहिली नोंद पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून हे शिष्टमंडळ संस्थानात आले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या तीन आठवड्यांत ते सोळापैकी नऊ जिल्ह्यांत हिंडले. सात जिल्ह्यांची ठाणी, एकवीस शहरे आणि तेवीस महत्त्वाची खेडी त्यांनी पाहिली. त्यांच्या अहवालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा मृतांचा नाही. ज्या १०९ खेड्यांत त्यांना जाता आले नाही, तिथल्या पाचशेहून अधिक लोकांशी ते बोलले, हा तो आकडा. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत ही माणसे आपापल्या गावाहून कुठल्यातरी शहरात येऊन थांबलेली होती, किंवा फक्त सांगण्यासाठी चालत आली होती.

अहवालाने रझाकारांच्या अत्याचारांची रीतही नोंदवली आहे. गावावर महिन्याची खंडणी बसवायची; मुकाट्याने दिली तर बरे, नाही दिली तर लूट, कधी मोटारट्रक लावून; लुटीला विरोध झाला तर जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार. पोलीस कारवाईच्या दरम्यान आणि नंतर कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असा शिष्टमंडळाचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत होरपळले असे त्यांनी लिहिले. या अंदाजावर वाद आहेत. सरदार पटेलांना तो अहवाल मुळीच मान्य झाला नाही. अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्यातले उतारे १९८८ मध्ये उमर खालिदींच्या संपादित ग्रंथात आणि पूर्ण मजकूर २०१३ मध्ये ए. जी. नूराणींच्या पुस्तकात वाचकांसमोर आला. त्याच अहवालात एक गोष्ट अशी आहे जी दोन्ही बाजूंचे लोक सांगायला विसरतात. एकाच धंद्यातल्या माणसांमधला जिव्हाळा फार घट्ट दिसला, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यासाठी प्रसंगी स्वतःचे प्राणही दिले, असे त्यात नमूद आहे. मागावर शेजारी बसणाऱ्यांची ही गोष्ट. कोणत्या गावची, कोणाची, ते त्या पानावर नाही. ते फक्त घरांतून मिळेल.

शिष्टमंडळाचा साचा चौकशीचा होता. किती मेले, कोणी मारले, सरकारने काय करावे. तो प्रश्न आवश्यकच होता. पण पाचशे माणसांचे बोलणे आकड्यांत आणि निष्कर्षांत विरघळले, त्यांचा आवाज उरला नाही.

दुसरी नोंद स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी केंद्राने सन्मान निवृत्तिवेतनाची योजना आणली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सरहद्दीवरच्या कॅम्पांना त्यात मान्यता मिळाली. तुरुंगाचा दाखला नसेल तर कॅम्पप्रमुखाचे किंवा मान्य स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र लागे. त्यातून हजारो शपथपत्रे तयार झाली, आणि मराठवाड्यातल्या सामान्य माणसाच्या १९४८ च्या आठवणींचा एवढा मोठा लिखित साठा दुसरा नसेल. ती वाचताना हाताला काय लागते? सगळ्यांची भाषा एक. अमुक कॅम्पमध्ये राहून बातम्या पोचवल्या, शिंदीची झाडे तोडली, नाक्यावर हल्ला केला. अर्ज लिहिणारा बहुधा तालुक्याचा तोच लेखनिक. ज्या म्हातारीने नदी ओलांडताना तान्ह्या मुलाचे तोंड दाबून धरले तिला या अर्जात जागा नव्हती, कारण तिने ‘लढा’ दिलेला नव्हता, ती नुसती पळाली होती. पैसा आला तसे खोटेही आले. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निवृत्त न्यायमूर्तींकडून चौकशी करावी लागली. त्याचा एक वाईट परिणाम असा की आज कोणी ‘त्या वेळचे सांगा’ म्हणून घरात शिरला की पहिला समज होतो, पेन्शनचे काम आहे. दुसरा समज होतो, पेन्शन बंद करायला आला आहे.

तिसरी नोंद वेगळ्या हिंसेची, पण याच जमिनीवरची. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्याच्या खेड्यांतल्या दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले. हजारो माणसे रानात आणि शहरांत पळाली. अत्याचारविरोधी समितीने गावोगाव फिरून केलेला अहवाल मे १९७९ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आला. तो नसता तर आपल्याकडे पोलीस पंचनाम्याशिवाय फारसे काही उरले नसते. पंचनाम्याचा साचा सर्वांत अरुंद: झोपडी एक, पत्रे चार, ज्वारी दोन पोती, भांडी किरकोळ. जळालेल्या वस्तूंची यादी आहे, पण गाव सोडून नांदेडला, परभणीला, पूर्णेच्या रेल्वे वस्तीला, मुंबईला गेलेले किती जण परतले, परतले तेव्हा विहिरीवर काय झाले, याची ओळ नाही. १९७८ चे साक्षीदार आज साठी-सत्तरीत आहेत, बोलू शकतात, त्यांना सगळे आठवते. १९४८ च्या बाबतीत जो उशीर झाला तो इथे होण्याचे कारण नाही.

मग विस्थापिताचा प्रश्न कोणता? ‘कोणी केले?’ हा त्याचा प्रश्न असतोच, पण पहिला नसतो. पहिला असतो: आम्ही निघालो कसे. त्यानंतर: बरोबर काय घेतले, काय ठेवले. तिसरा: आम्हाला कोणी ठेवून घेतले. आणि चौथा, जो विचारताच आवाज बदलतो: परत आलो तेव्हा काय होते. मुलाखतीला बसणाऱ्याने एवढा क्रम धरला तरी पुरे. धान्याचे विचारावे. पेव भरलेले होते की उघडे राहिले, बळदातले धान्य कोणी नेले, डागिने कुठे पुरले आणि पुन्हा सापडले का. माळवदाच्या घराची वरची वाट कोणत्या घराला जोडलेली होती, कारण पुष्कळ माणसे रस्त्याने नव्हे, माळवदांवरून वाचली. घरातल्या वस्तूंवरून माणूस बोलू लागतो. थेट खुनावर आणले तर तो ऐकीव आणि पाठ झालेली गोष्ट सांगतो.

तारीख विचारूच नये. १९४८ चा सप्टेंबर म्हणजे भाद्रपद, गणपतीचे दिवस, रानात ज्वारी उभी. रमजानची ईद ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात होऊन गेलेली, बकरीद ऑक्टोबरच्या मध्याला आली. ‘बकरीद गावात केली की बाहेर?’ या एका प्रश्नाने मुसलमान कुटुंब कधी उठले ते जवळजवळ आठवड्यापर्यंत कळते. ‘गणपती शिरवायला माणसं होती का?’ याने हिंदू घराचे कळते. त्या घरात जुना शाळेचा दाखला किंवा सरकारी कागद निघाला तर त्यावरचे साल पाहून दचकू नये; निझामाच्या दफ्तरात फसली सन चालत असे, आणि १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८.

आठवण चुकते, हा मौखिक इतिहासावरचा नेहमीचा आक्षेप आहे. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या हातून मेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने अनेक वर्षांनी कामगारांशी बोलून पाहिले, तर बरेच जण तो मृत्यू १९५३ मधल्या कामगार-कपातीच्या आंदोलनात झाला असे ठामपणे सांगत होते. पोर्तेल्लीने त्यांना खोटे ठरवले नाही. ही चूक सगळ्यांनी मिळून का केली, हे शोधले. ज्या मृत्यूचा सूड घेता आला नाही तो त्यांनी मोठ्या लढाईच्या जागी नेऊन ठेवला होता. आपल्याकडेही अशा सरकलेल्या आठवणी पुष्कळ आहेत. पोलीस कारवाईनंतरची लूट कोणी सहज ‘रझाकारीतली’ म्हणून सांगतो. त्याला तिथेच दुरुस्त करणारा मुलाखतकार काही शिकत नाही.

पण केवळ आठवणीवर थांबूही नये. इराकमधल्या कुर्दांचे उदाहरण इथे उपयोगी आहे. १९८८ मध्ये सद्दाम हुसेनच्या सैन्याने ‘अन्फाल’ नावाची मोहीम चालवून कुर्दांची खेडी उठवली, माणसे ट्रकांत घालून वाळवंटात नेली आणि मारली. त्याच वर्षी १६ मार्चला हलबजावर विषारी वायू सोडला गेला. १९९१ नंतर तो भाग मोकळा झाला तेव्हा मिडल ईस्ट वॉच या संस्थेचे लोक तिथे गेले आणि सुमारे साडेतीनशे साक्षीदारांच्या सविस्तर मुलाखती त्यांनी घेतल्या. दुसरीकडे, उठावात कुर्दांच्या हाती लागलेली इराकी सरकारची सुमारे १८ टन कागदपत्रे तपासली गेली. साक्षीदार म्हणे, अमुक गाव अमुक पावसात उठवले. कागदात त्या गावाचे नाव आणि हुकूम सापडे. गोळी लागूनही सामूहिक खड्ड्यातून सरपटत बाहेर आलेल्या बारा वर्षांच्या मुलाची साक्ष त्यामुळे ‘दंतकथा’ म्हणून बाजूला टाकता आली नाही.

आपल्याकडे असे टनांनी कागद नाहीत, पण अगदीच नाहीत असेही नाही. मराठवाड्यात जमिनीच्या वादात आजही ‘खासरा पाहणी’ काढली जाते, ती १९५४-५५ ची. एखादे कुटुंब म्हणते, उठून गेलो आणि शेत गेले. तर त्या सर्व्हे नंबरावर १९५४ मध्ये कोणाचे नाव आहे ते तहसिलीत दिसते. त्याआधीचे कागद उर्दूत, तेही घसटत्या लिपीत. ते वाचणारी माणसे परभणी-नांदेडमध्ये बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि तीही म्हातारीच. शिवाय १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने पुष्कळ जमिनींचे ताबे बदलले. म्हणून नाव बदलले एवढ्यावरून बळकावले असा निष्कर्ष काढता येत नाही. साक्ष आणि कागद शेजारी ठेवायचे. एकाने दुसऱ्याला फिर्यादीसारखे उलटतपासायचे नाही.

इथेच सर्वांत अवघड जागा येते. ज्याने शेत घेतले त्याचा नातू आज त्याच गावात सरपंच असू शकतो, आणि सांगणाऱ्याचा नातू त्याच्याकडे कामाला. साक्ष ध्वनिमुद्रित करणे म्हणजे कुणाच्या तरी हातात कोलीत देणे ठरू शकते. त्यामुळे परवानगी दोनदा घ्यावी, आधी आणि ऐकवून झाल्यावर. गावाचे व माणसांचे नाव झाकायचे की ठेवायचे हे सांगणाऱ्याने ठरवावे, त्याच्या मुलाने नव्हे. मुले बहुतेक वेळा म्हणतात, जाऊ द्या, कशाला उकरता. त्यांचेही चूक नाही. त्यांना त्याच गावात राहायचे आहे.

बायकांशी बाईनेच बोलावे, आणि घरातले पुरुष बाहेर असताना. त्यांच्यावर झालेल्या अत्याचाराचा प्रश्न विचारूच नये. ती बोलली तर ऐकावे, गप्प राहिली तर ती गप्पही नोंदवावी. याच हैदराबाद संस्थानातल्या तेलंगण लढ्यातल्या बायकांच्या मुलाखती स्त्रीशक्ती संघटनेने घेतल्या, त्या १९८६ मध्ये तेलुगूत आणि १९८९ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या. त्याच १९८९ साली मराठीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ आले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना त्यांच्या घरी जाऊन त्यांनी बोलते केले. दोन्ही पुस्तके आंदोलनातल्या बायकांची आहेत. नुसत्या पळालेल्या, लपलेल्या, परत येऊन चूल मांडलेल्या बायकांचे असे पुस्तक मराठवाड्याला अजून हवे आहे. मुसलमानांच्या बाजूने अफसर मोहम्मद यांचे इंग्रजी पुस्तक २०२३ मध्ये आले, तेही मुलाखतींच्या आधारे. पण त्याचा भर तेलंगणावर. उस्मानाबादचे त्या वेळचे कलेक्टर मोहम्मद हैदर यांचे आत्मकथन २०१२ मध्ये छापले गेले, तो अधिकाऱ्याचा आवाज आहे. आणि आपल्या बाजूने अनंत भालेराव यांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथाला पर्याय नाही. तो लढ्याचा इतिहास आहे, आणि लढ्याच्या इतिहासाकडून पळालेल्यांचा हिशेब मागणे अन्यायाचे होईल.

भाषा जशी येईल तशी उतरावी. दखनी बोलणाऱ्या म्हातारीचे बोलणे शुद्ध मराठीत किंवा शुद्ध उर्दूत उतरवले की ती दुसरीच कोणी होते. ‘पुलीस अ‍ॅक्शन’ आणि ‘पुलिसॅक्शन’ हे दोन उच्चारही कानांना वेगळी माणसे सांगतात. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सोपे झाले आहे, तेवढ्यामुळेच हरवणेही सोपे झाले आहे. फोन बदलला की फाइल गेली. सांगणाऱ्याच्या घरी एक प्रत, मुलाखत घेणाऱ्याकडे एक आणि एखाद्या संस्थेत एक, अशा तीन ठेवाव्यात. संस्थेला देताना पाकिटावर ‘अमुक वर्षांपर्यंत उघडू नये’ असे लिहून देता येते, आणि पुष्कळांना ते लिहिलेले दाखवले की बोलायला धीर येतो. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला. ती पाकिटे ठेवायला या दोन्ही ठिकाणी कपाट आहे. पाकिटावर गावाचे नाव, सांगणाऱ्याचे त्या वेळचे वय, मुलाखतीची तारीख आणि कोणत्या वाटेने निघाले ते एका ओळीत लिहावे: गाडीने, बैलगाडीने, की पायी, आणि नदी कोणत्या उताराने ओलांडली.